उगम मोजावेत

साथीच्या विषाणूचा अभ्यास मी त्याच्या आवरणापासून सुरू करते. पेशीला चिकटून आत शिरायचं ते आवरणातल्या प्रथिनांच्या जोरावर, आणि आपली प्रतिपिंडं हल्ला चढवतात तोही त्यांच्यावरच. या प्रथिनांचे सीक्वेन्स, म्हणजे अमिनो आम्लांचे क्रम, एकाखाली एक लावले की कुठलं अमिनो आम्ल बदललं ते संगणक लगेच दाखवतो. त्या बदलाला अर्थ आहे का, हे ठरवणं हे खरं काम.

ते कसं करावं, हे मला चिकुनगुनियाने शिकवलं. 2005-06 मध्ये हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर मोठी साथ आली. सुरुवातीच्या विषाणूंत आवरणातल्या ई-1 प्रथिनाच्या 226व्या जागी ॲलनिन हे अमिनो आम्ल होतं, नंतरच्या बहुतेकांत व्हॅलिन. सुमारे 11,800 अक्षरांच्या जीनोममधलं एकच अक्षर बदललं होतं. पण एखादा बदल पुष्कळ नमुन्यांत दिसला, एवढ्याने तो विषाणूच्या फायद्याचा ठरत नाही. गावभर एकच आडनाव असतं ते कधीकधी मूळपुरुष एक म्हणून. तसाच हा बदलही एकाच पूर्वजाकडून निव्वळ योगायोगाने पसरलेला असू शकतो.

म्हणून वंशवृक्ष काढायचा आणि बदलाचे उगम मोजायचे: स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा उगवलेला बदल सहसा योगायोग नसतो. भारतात 2006 साली पसरलेल्या विषाणूंत ॲलनिनच होतं. 2007 मध्ये केरळात व्हॅलिन दिसलं, तेही स्वतंत्रपणे. मध्य आफ्रिकेतही हाच बदल वेगळा घडला. या सगळ्या ठिकाणी एडिस अल्बोपिक्टस हा डास भरपूर होता. व्हॅलिनमुळे विषाणू या डासात सहज रुजतो, हे 2007 मध्ये अमेरिकेतल्या प्रयोगांनी सिद्ध केलं.

मग आग्नेय आशियात, या डासाच्या मूळ प्रदेशात, हा बदल इतकी वर्षं का रुजला नाही? तिथे तेव्हा फिरणारा विषाणू वेगळ्या, आशियाई घराण्यातला होता. या घराण्यात ई-1 च्या 98व्या जागी थ्रिओनिन असतं, आणि ते असेपर्यंत 226 वरच्या व्हॅलिनचा फारसा उपयोग होत नाही. एका जागेचा अर्थ दुसऱ्या जागेवर अवलंबून असतो. सुटा बदल वाचून निष्कर्ष काढणं म्हणूनच धोक्याचं.

डास आणि प्रदेश माहीत नसते, तर हे उगम मोजूनही त्यांचं कारण कळलं नसतं. नुसतं देशाचं नाव आणि साल लिहिलेला सीक्वेन्स अर्धाच उपयोगी पडतो. नमुने गोळा करणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे: तालुका, तारीख आणि तिथे कुठला डास सापडला, एवढं न चुकता नोंदवा.