तिलोनियाची रंगीत शाळा

राजस्थानात गेलेला प्रवासी अजमेरचा दर्गा आणि पुष्करचं सरोवर पाहून परततो. त्याच अजमेर जिल्ह्यातल्या तिलोनियाला वाट वाकडी करून सहसा कुणी जात नाही. जायला हवं. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये इथं सुरू केलेल्या संस्थेला आज सारे ‘बेअरफूट कॉलेज’ म्हणतात.

सौरदिवे बनवायला शिकवणारा इथला वर्ग मोठा मजेचा. आफ्रिकेतल्या खेड्यांतून सहा-सहा महिन्यांसाठी बायका इथं शिकायला आल्या, त्यांत कितीतरी आज्या. बहुतेकींना अक्षरओळख नाही, शिकवणाऱ्या राजस्थानी बायकांची बोलीही कळत नाही. मग शिकवायचं कसं? रंगांनी! रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारा चिमुकला तुकडा. त्यावर रंगीत पट्टे असतात. तपकिरी, काळा, तांबडा असे ओळीनं आले की १००० ओहम. पट्टे ओळखायचे, चित्रात दाखवलेल्या जागी तुकडा बसवायचा आणि सोल्डरिंग करायचं. चुकलं तर दिवा लागत नाही; याहून स्वच्छ परीक्षा कोणती? आपल्याकडे सौरचुलीची आकृती काढली की गुण मिळतात, चूल मात्र शाळेच्या गच्चीवर क्वचितच दिसते.

पण आज्याच का? तरुणांच्या हाती प्रमाणपत्र पडलं की ते शहर गाठतात, असं रॉय यांचं म्हणणं. म्हणून इथं प्रमाणपत्रच देत नाहीत. आजी आपल्या गावी परतते, घरांच्या छपरांवर पॅनेल बसवते आणि शेजारणीचा बिघडलेला कंदील उघडून पुन्हा पट्टे न्याहाळू लागते.