उतावळा गडी

जन्म १९८६, गाव मिल्पिटास, कॅलिफोर्निया. अटारी गेम्समधल्या जॉन सॅल्विट्झ आणि डेव्ह राल्स्टन या जोडीने त्याला घडवलं. नाव 'सेव्हन ट्वेंटी', लिहिताना मात्र आकडा आणि त्याच्या माथ्याशी अंशाचं इवलं वर्तुळ: ७२०°. नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ खेळाचं हे उभं कपाट. कपाटाच्या डोक्यावर बूमबॉक्सच्या आकाराची स्पीकरांची पेटी. त्या काळी अमेरिकी शहरांतली पोरं असले दांडगे टेपरेकॉर्डर खांद्यावर घेऊन हिंडत. याने तर तो थेट डोक्यावर घेतला. पार्लरच्या गोंगाटात दबून राहणाऱ्यांतला हा गडी नव्हेच.

स्वभावाने उदार, पण वेळेच्या बाबतीत भलता कडक. नाणं पडलं की तो अख्खं 'स्केट सिटी' तुमच्यासमोर मोकळं सोडतो. स्केटबोर्डवर उभं राहायचं आणि रस्त्यांवरून, उतारांवरून, कडांवरून उड्या मारत गुण जमवायचे. गुण साठले की तिकीट मिळतं आणि तिकिटावर चारांपैकी एका पार्कात शिरता येतं: रॅम्प, डाउनहिल, स्लालम, जंप. तिथे कांस्य, रौप्य, सुवर्णपदकं आहेत, बक्षिसाचे पैसे आहेत. त्या पैशांतून गावातल्या दुकानांत बूट, हेल्मेट, पॅड, नवा बोर्ड घ्यावा. सगळं आहे, रेंगाळायला सवड तेवढी नाही. घड्याळ संपलं की यंत्राच्या घशातून घोगरी आरोळी येते, 'स्केट ऑर डाय!', आणि मारेकरी मधमाश्या मागे लागतात. त्या हळूहळू वेग वाढवत जातात. तिकीट हाती असेल तर धावतपळत पार्क गाठावं, नसेल तर खेळ खलास. मला त्याचा हा उतावळेपणा फार आवडतो. तो दमदाटी करतो, पण सुटकेची वाट आधी दाखवून ठेवतो.

त्याची खरी ओळख मात्र हातात आहे. इतर यंत्रांची जॉयस्टिक मधोमध उभी असते आणि आठ दिशांना कलते. सोडली की पुन्हा मध्यावर येते. याच्या दांडीला मध्यच नाही. ती कायम कललेली असते आणि जात्याच्या खुंट्यासारखी गोल गोल फिरते. दांडी जिकडे, स्केटरचं तोंड तिकडे. जोडीला दोन बटणं, एक पाय मारायचं आणि एक उडीचं. उडी मारून हवेत असताना दांडी गरागरा फिरवली की पडद्यावरचा पोरगाही तेवढाच फिरतो, आणि जमिनीला लागताना त्याचं तोंड चालीच्या दिशेला नसेल तर सपशेल आपटतो. एक पूर्ण फेरा ३६० अंशांचा, दोन फेरे ७२० अंशांचे. यंत्राचं नाव खेळणाऱ्याच्या मनगटातून असं आकाराला येतं.

अशा गड्यावर ज्ञानकोशात लेख लिहिला जातो आणि तो तपासायला येतो, तेव्हा मी आधी ही दांडी शोधतो. जुन्या व्हिडिओ खेळांवरचे लेख तपासायला मला आवडतं. इंग्रजी विकिपीडियावर 'चांगला लेख' हा दर्जा देण्यापूर्वी समीक्षक सहा कसोट्या लावतो: लेखन नीटस आहे का, मजकूर पडताळता येतो का, विषयाचा आवाका आला आहे का, सूर तटस्थ आहे का, लेख रोजच्या उलटापालटीतून स्थिरावला आहे का, आणि योग्य चित्रं आहेत का. कसोट्या चांगल्याच आहेत. पण 'हा खेळ जॉयस्टिकने खेळतात' एवढंच लिहून पुढे गेलेला लेख साऱ्या कसोट्यांवर उतरल्यासारखा दिसला, तरी मी तो परत पाठवेन. आवाक्याच्या कसोटीवर तो नापासच आहे. ती दांडी कळली नाही तर नाव कळत नाही आणि घरगुती आवृत्त्यांची तगमगही कळत नाही. १९८७ च्या सुमारास तो कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम अशा घरगुती संगणकांवर गेला, १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या खेळपेटीवर. तिथे ना ती दांडी, ना डोक्यावरची पेटी. अंगठ्याखालच्या फुलीवर तोच गोल फेरा तुकड्यातुकड्यांनी मारावा लागला. आजही मूळ यंत्राची हुबेहूब नक्कल संगणकावर उतरवणाऱ्यांना खरा त्रास देते ती ही दांडीच.

मग घराणं पाहायचं. नुसतं 'अटारी' लिहून भागत नाही. १९८४ मध्ये या घराची वाटणी झाली. घरगुती यंत्रांचा धंदा उद्योजक जॅक ट्रॅमिएलकडे गेला आणि पार्लरच्या यंत्रांचा धंदा वेगळा होऊन अटारी गेम्स झाला. आपला गडी या दुसऱ्या घरातला. 'पेपरबॉय' हा त्याचा थोरला भाऊ. रचनाकार तेच दोघे, आतली सर्किटंही त्याच जातीची. त्याच्या हातात सायकलचं हँडल, याच्या हातात गोल फिरणारी दांडी. माहितीचौकटीतला एक चुकीचा दुवा हे सारं नातं पुसून टाकतो. आणखी एक घोळ आरोळीमुळे होतो. १९८७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने 'स्केट ऑर डाय!' नावाचा खेळ काढला. तो वेगळा माणूस आहे. एकाची कर्तबगारी दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली नाही ना, हे ओळीओळीने पाहावं लागतं. 'स्केटबोर्डचा पहिलाच खेळ' असली वाक्यंही बारकाईने वाचायची. हे कोणी म्हटलं, कधी म्हटलं आणि त्याने मोजदाद केली होती का, याची उत्तरं नसतील तर 'पहिल्या काही खेळांपैकी एक' एवढ्यावर थांबणं बरं.

सगळ्यांत अवघड भाग 'प्रतिसाद' या मथळ्याखालचा. अमेरिकेत व्हिडिओ खेळांच्या धंद्याच्या १९८३ च्या पडझडीनंतर या खेळांची ग्राहकांसाठी निघणारी मासिकं एकेक करून बंद पडली. 'इलेक्ट्रॉनिक गेम्स' १९८५ मध्ये थांबलं. म्हणजे हा गडी ऐन भरात होता तेव्हा त्याच्याबद्दल लिहिणारं तिथे फारसं कोणी उरलं नव्हतं. उलट ब्रिटनमध्ये 'क्रॅश', 'झॅप ६४' अशी घरगुती संगणकांची मासिकं जोरात होती आणि ती घरगुती आवृत्त्या तपासत. त्यामुळे लेखक प्रामाणिकपणे संदर्भ गोळा करतो आणि हाती येतात बहुतेक लेकरांची प्रगतिपुस्तकं; बाप कोपऱ्यात उभाच राहतो. समीक्षकाने इथे लेखकाला वाट दाखवायला हवी. पार्लर चालवणाऱ्यांसाठी 'रीप्ले' आणि 'प्ले मीटर' ही धंद्याची मासिकं निघत, यंत्रासोबत चालकासाठी छापील पुस्तिका येई, तिच्यात दांडीची, तारांची, सर्किटांची रेखाटनं असत. साध्या वर्णनापुरता असा दस्तऐवज ज्ञानकोशात चालतो.

माझ्या हाताची आठवण मात्र चालत नाही. दांडी मनगटाला कशी लागते, हे मी लेखात घालू शकत नाही. दुसऱ्या कोणी ते छापलेलं असलं पाहिजे. हा नियम मला मनापासून पटतो. आठवण प्रत्येकाची वेगळी, आणि वाचणाऱ्याला ती तपासायची सोय नसते. छापील पान सगळ्यांना सारखंच उघडता येतं.

एका गोष्टीसाठी मी लेखकाकडे हट्ट धरेन. या गड्याचा काळ लेखात आला पाहिजे. अमेरिकेतली सिमेंटची स्केटपार्कं विम्याच्या खर्चापायी आणि नुकसानभरपाईच्या दाव्यांपायी एकेक करून बंद पडत होती आणि स्केटर पोरं रस्त्यावर उतरली होती. नामांकित स्केटर टोनी हॉक ज्या डेल मार पार्कात घडला, ते १९८७ मध्ये बंद झालं. हॉकने १९८५ मध्ये खराखुरा ७२० अंशांचा फेरा मारला आणि पुढच्याच वर्षी हे यंत्र त्या नावाने आलं. पुढे १९९९ मध्ये हॉकने ९०० अंशांचा फेरा साधला, त्याच वर्षी त्याच्या नावाचा 'प्रो स्केटर' प्लेस्टेशनवर आला आणि त्यानंतर स्केटिंगचा खेळ म्हटलं की लोकांना तोच आठवू लागला. सातशे वीसवाला मागे पडला. पण पार्काचं दार बंद, रस्ता उघडा आणि मागे कोणीतरी लागलेलं, हे त्या पिढीचं जगणं पडद्यावर आणलं ते त्याने, आणि लेखात हे साधार आलं तर मी हिरवा कौल देईन.

मुंबई-पुण्यातही नाण्यावर चालणाऱ्या खेळांची पार्लरं होती. ती चालवणारी, यंत्रं दुरुस्त करणारी माणसं आपल्यात आहेत. त्यांच्याकडे एखाद्या यंत्राची पुस्तिका, सर्किटाचा नकाशा, सुट्या भागांची यादी पडून असेल, तर ती रद्दीत घालू नका. पानन् पान स्कॅन करून ठेवा, आणि छापल्याचं साल व कंपनीचं नाव असलेलं पान आधी घ्या.