रूळ मोडले तेव्हा

आमचे अण्णा विज्ञानाचे मास्तर. वाफेचं इंजिन शिकवायचे ते चुलीपासून. "पातेल्यावरचं झाकण का उडतं? वाफ ढकलते म्हणून. झाकणाच्या जागी दट्ट्या बसवा, दट्ट्याला दांडा, दांड्याला चाक. झालं इंजिन!" फळ्यावर चित्र असं काढायचे की पुसायला जीव व्हायचा नाही. वर्गातल्या बहुतेक पोरांनी आगगाडी पाहिलेली नव्हती. रेल्वे जिल्ह्यात होती, पण पार परळीला. आम्हा बीडकरांना ते परगावच.

अण्णांचा आवडता माणूस रिचर्ड ट्रेव्हिथिक. लोक रॉकेटवाल्या स्टीफन्सनचं नाव घेतात, पण ते १८२९ चं. ट्रेव्हिथिकनं १८०४ सालीच वेल्समध्ये जास्त दाबाच्या वाफेवरचं इंजिन रुळांवर चालवलं. दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढली, कारखानदाराची ५०० गिनींची पैज होती म्हणे! पण बिडाचे रूळ वजनानं मोडायला लागले आणि इंजिन रुळांवरून उतरवावं लागलं. "इंजिन पास, रूळ नापास," असं अण्णा म्हणायचे. (बिडाचे म्हणजे ओतीव लोखंडाचे. आमच्या गावाचा काही संबंध नाही. पोरं तरी हसायचीच.)

मुंबई-ठाणे गाडी १८५३ ला सुरू झाली. साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं लावून. आमची अहमदनगर-बीड-परळी लाईन १९९५-९६ मध्ये मंजूर झाली. मी आठवीत होतो. अण्णा पेढे घेऊन वर्गात आले आणि म्हणाले, "तुमची दहावी होईस्तोवर गाडी येईल." त्याच डिसेंबरात देशातल्या ब्रॉडगेजवरची वाफेची शेवटची नियमित गाडी पंजाबात धावली, हे मला फार उशिरा कळलं.

दहावी झाली. आमची सगळी बॅच एसटीनं पुण्याला गेली. पुढं अण्णा निवृत्त झाले. त्यांनी त्या पेढ्यांचा विषय परत कधी काढला नाही. आम्हीही नाही.

१७ सप्टेंबर २०२५ ला बीडहून अहिल्यानगरची पहिली गाडी सुटली. अण्णांना हाताला धरून घेऊन गेलो. गर्दी ही! डेमू गाडी, म्हणजे डिझेल इंजिन डब्यातच.

"इंजिन कुठं जोडलंय रे?"

सांगितलं. ते काही बोलले नाहीत. प्लॅटफॉर्मच्या कडेला जाऊन, माझा हात घट्ट धरून, बराच वेळ खाली रुळांकडं बघत राहिले.

"जाड आहेत," म्हणाले.