अंगावरचा कॅमेरा आणि त्याचे घड्याळ

अंगावरचा कॅमेरा म्हणजे गणवेशाच्या पुढच्या बाजूला अडकवलेले, दीडशे ग्रॅमच्या आसपास वजनाचे यंत्र. भिंग, मायक्रोफोन, बॅटरी, साठवण आणि घड्याळ हे त्याचे पाच भाग. घेताना लोक भिंगाची चौकशी करतात, कॅमेरा उपयोगी पडतो की नाही हे मात्र बहुतेक वेळा घड्याळावर ठरते. इंग्लंडमधील प्लायमथच्या पोलिसांनी २००५ च्या सुमारास असे कॅमेरे वापरून पाहिले. महाराष्ट्रात मध्य रेल्वेच्या मुंबई विभागाने २०२३ मध्ये ते तिकीट तपासनिसांना दिले. पोलीस ठाण्यांसाठी या कॅमेऱ्यांची निकड वाढली ती १ जुलै २०२४ पासून. त्या दिवशी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि कलम १०५ प्रमाणे झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण आवश्यक ठरले. ते शक्यतो मोबाइलवर करावे, असे कलमातच म्हटले आहे. मात्र यवतमाळ जिल्ह्यातल्या बाभुळगावसारख्या तालुक्याच्या ठाण्यातून रात्री एखाद्या शिवारातल्या हातभट्टीवर धाड घालायची तर दोन-चार माणसे निघतात. कुणाच्या हातात टॉर्च असतो, कुणाच्या हातात काठी, आणि बांध ओलांडताना एक हात मोकळाही लागतो. छातीवरच्या कॅमेऱ्याचा उपयोग अशा ठिकाणी कळतो.

कॅमेऱ्याची जागा शर्टाच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या बटणांच्या मधे, छातीच्या मध्यरेषेवर. खिशावर लावला तर चित्र एका बाजूला कलते आणि हात पुढे केला की दंडाआड जाते. पोटाजवळ लावला तर मोटारसायकलवर बसल्यावर टाकीशिवाय काही दिसत नाही. शिटीची दोरी, बंदुकीचा पट्टा, नावाची पट्टी आणि जीपचा सीटबेल्ट यांतले काहीही भिंगावर येऊ शकते, म्हणून तपासणी पूर्ण गणवेशात, पट्टे चढवूनच करावी. चिमट्यापेक्षा चुंबकाची पकड लावायला सोपी, पण झटापटीत ती सुटते. शिवाय हृदयात पेसमेकर असलेल्याने चुंबक छातीला लावू नये. पावसाळ्यात रेनकोटासाठी वेगळी पकड ठेवावी. कॅमेरा आत आणि रेनकोट बाहेर, अशी चित्रणे नुसत्या आवाजाची होतात.

जागा ठरली की एक मिनिटाचे चित्रण करून ठाण्यातल्या मोठ्या पडद्यावर पाहावे. दोन मीटरवर उभ्या माणसाचा चेहरा, समोरच्या गाडीचा नंबर आणि जमिनीवर बसलेला माणूस, या तिन्ही गोष्टी त्यात दिसल्या पाहिजेत. तिसरी बहुधा सुटते. पंचनामा लिहायला अंमलदार खाली वाकला की त्याचा कॅमेरा कागदाकडे पाहतो, आणि मुद्देमाल मोजण्याचा सगळा वेळ चित्राबाहेर राहतो. लिहिणाऱ्याच्या अंगावरच्या कॅमेऱ्यावर जप्ती सोपवू नये. मुद्देमालासमोर दुसरा माणूस उभा करावा.

यानंतरच्या जुळणीत फार वेळ घालवण्यासारखे थोडेच आहे. १०८०पी चित्र आणि सेकंदाला ८ मेगाबिट वेग ठेवला तर तासाला साधारण ३.६ जीबी जागा लागते, म्हणजे ६४ जीबीत १७ तासांच्या आसपास मावतात. बॅटरी त्याच्या कितीतरी आधी संपते. बटण दाबण्यापूर्वीचे काही सेकंद राखून ठेवण्याची सोय असेल तर ती चालू ठेवावी. भांडण सुरू झाल्यावर बटण दाबले जाते, आणि पहिला हात कुणी उगारला हे त्या आधीच्या सेकंदांत असते. मात्र अनेक यंत्रांत या भागाला आवाज नसतो, हे तपासात लिहिताना लक्षात ठेवावे. रुंद कोनाच्या भिंगात समोरची वस्तू खऱ्यापेक्षा लांब भासते, त्यामुळे काठी किती अंतरावर होती हे नुसत्या चित्रावरून ठरवणे धोक्याचे. रात्रीच्या इन्फ्रारेड चित्रातही असाच पेच आहे. अंमलदाराच्या डोळ्यांना जे दिसले नसते ते त्यात स्पष्ट येते, आणि कपड्यांचे रंग मात्र फसवे येतात. आरोपीचा शर्ट कोणत्या रंगाचा, हे अशा चित्रावरून कधीही लिहू नये.

घड्याळाकडे वळण्याआधी जालन्याचा खटला पाहावा. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ वाजेपर्यंत द्यायचे होते, आणि खोतकरांचे अर्ज त्या मुदतीनंतर दिले गेले, असा पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आरोप होता. पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्यांच्या दालनातल्या आणि बाहेरच्या कॅमेऱ्यांचा. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली. चित्रणाच्या चकत्या मिळाल्या होत्या, पण कायद्याला हवे असलेले प्रमाणपत्र वारंवार मागूनही संबंधित अधिकाऱ्यांनी दिले नव्हते. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतेच; मूळ यंत्रच त्याच्या मालकाने न्यायालयात आणून सिद्ध केले तर गोष्ट वेगळी. विधानसभेच्या एका जागेचा वाद घड्याळातल्या ३ या आकड्याभोवती आणि एका कागदाभोवती सहा वर्षे फिरला. ठाण्यातल्या प्रत्येक कॅमेऱ्यामागे हेच दोन प्रश्न उभे असतात: वेळ खरी कशावरून, आणि प्रत खरी कशावरून?

कॅमेऱ्यातले साधे क्वार्ट्झ घड्याळ महिन्याला मिनिटाच्या आसपास मागेपुढे जाऊ शकते. बॅटरी पूर्ण उतरून तशीच पडून राहिली तर काही यंत्रांत तारीख थेट कारखान्यातल्या मूळ तारखेवर जाते. तिसरा दोष सर्वात फसवा. कॅमेरा चार्ज करण्याच्या आणि चित्रण उतरवण्याच्या डॉकच्या संगणकावर भारतीय वेळ निवडलेली नसेल तर चित्रणावर साडेपाच तास मागची वेळ पडते, आणि रात्री साडेअकराची धाड संध्याकाळी सहाची दिसते. उपाय स्वस्त आहे. ड्यूटीवर निघताना चित्रण सुरू करून मोबाइलच्या घड्याळाचा पडदा, सेकंदांसह, दहा सेकंद भिंगासमोर धरावा. मोबाइल नेटवर्कवरून वेळ घेतो, त्यामुळे कॅमेऱ्याचे घड्याळ किती चुकते आहे हे त्याच दिवसाच्या चित्रणात कायमचे नोंदले जाते. फरक दिसला तर तो स्टेशन डायरीत लिहावा आणि घड्याळ पुढच्या ड्यूटीसाठी दुरुस्त करावे. झालेल्या चित्रणावरची वेळ मात्र कुणीही, कितीही चांगल्या हेतूने, बदलू नये.

चित्रण चालू असताना बोलणे हे कौशल्याचे काम आहे, आणि ते शिकवावे लागते. सुरुवातीला तारीख, वेळ, गाव, आपले नाव व हुद्दा आणि पंचांची नावे सांगावीत. समोरच्याला स्पष्ट शब्दांत कळवावे: "दादा, कॅमेरा चालू आहे, तुमचं बोलणं रेकॉर्ड होतंय." या एका वाक्याने दोन्ही बाजूंचा आवाज खाली येतो, असा हे काम करणाऱ्यांचा अनुभव आहे. कॅलिफोर्नियातील रिआल्टो येथील प्रयोगात कॅमेऱ्यांमुळे बळाचा वापर आणि तक्रारी बऱ्याच घटल्या, तर वॉशिंग्टनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात फारसा फरक आढळला नाही. नुसते यंत्र लावल्याने वागणूक बदलेल असे गृहीत धरणे म्हणूनच बरोबर नाही. मधेच चित्रण थांबवायचे असेल तर कारण मोठ्याने सांगून मगच बटण दाबावे. पीडित महिला किंवा लहान मूल समोर असेल तर चेहरा चित्रात घ्यायचा की नाही याचा विचार आधी करावा, कारण असे चित्र एकदा बाहेर गेले की परत आणता येत नाही.

ड्यूटी संपली की कॅमेरा घरी न्यायचा नाही. डॉकवर लावायचा, चित्रण उतरले हे पडद्यावर पाहायचे आणि वहीत सही करायची. उतरवतानाच हॅश काढावा. एसएचए-२५६ पद्धतीने निघणारी ही ६४ चिन्हांची ओळ फाइलमधला एक बिट बदलला तरी बदलते. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात तीच ओळ लिहावी लागते. त्याचा भाग 'अ' पुरावा देणाऱ्याने आणि भाग 'ब' तज्ज्ञाने भरायचा असतो. व्हॉट्सअॅपवर पाठवलेली प्रत आकुंचन पावते आणि तिचा हॅश मूळ चित्रणाशी जुळत नाही, म्हणून वरिष्ठांना दाखवण्यासाठीही तो रस्ता धरू नये. चित्रण खोडण्याचा अधिकार कॅमेरा घालणाऱ्याकडे असू नये. हा विश्वासाचा प्रश्न नाही. उद्या साक्षीत अंमलदारावरच आरोप झाला, तर हीच व्यवस्था त्याच्या बाजूने बोलते.

आता निगा. यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांना टेकतो, आणि लिथियम बॅटरी साधारण ० ते ४५ अंशांतच चार्ज करायची असते. उन्हात उभ्या जीपच्या डॅशबोर्डवर त्याहून बराच जास्त ताप असतो, त्यामुळे कॅमेरा तिथे ठेवणे आणि गाडीतल्या चार्जरवर लावणे दोन्ही टाळावे. डॉक खिडकीपासून दूर, पंख्याखाली आणि इन्व्हर्टरच्या जोडणीवर असावा. नाहीतर रात्री वीज गेली तर सकाळी अर्धे उतरलेले चित्रण आणि अर्धी चार्ज झालेली बॅटरी हाती येते.

पावसाळ्यात बेंबळा धरणाच्या काठावरचा बंदोबस्त असो की नाल्यावरची नाकाबंदी, धूळ-पाणी रोखण्याचा 'आयपी६७' हा शिक्का तेव्हाच खरा, जेव्हा चार्जिंगच्या खाचेचे रबरी झाकण पूर्ण बसलेले असते. त्या झाकणाच्या कडेत काळ्या मातीचा एक कण अडकला तरी पाणी आत जाते. कापूस वेचणीच्या दिवसांत बारीक तंतू भिंगाला चिकटतात. आधी फुंकणीने उडवावे, मग चष्म्याच्या मऊ कापडाने पुसावे. खिशातल्या रुमालात घाम आणि धूळ असते, त्याने भिंगावर कायमचे ओरखडे पडतात. मायक्रोफोनच्या छिद्रात टाचणी घालू नये, मऊ ब्रश पुरे. घामाने चार्जिंगच्या पितळी टोकांवर हिरवट थर चढतो; कोरड्या कापडाने ती आठवड्यातून एकदा पुसावीत.

बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते. नवी असताना पूर्ण ड्यूटी टिकणारा कॅमेरा मध्यरात्रीच बंद पडू लागला की ती बदलायची. फुगलेली बॅटरी त्याच दिवशी बाजूला काढायची, पुन्हा चार्जिंगला लावायची नाही. जादा कॅमेरे कपाटात ठेवायचे असतील तर निम्मे चार्ज करून ठेवावेत आणि महिन्यातून एकदा काढून घड्याळ तपासावे. नवे सॉफ्टवेअर आले तर आधी एकाच कॅमेऱ्यात घालून आठवडाभर पाहावे. निकामी झालेला कॅमेरा भंगारात जाण्यापूर्वी त्यातले सर्व चित्रण उतरले आहे का, त्यावर कोणता खटला चालू आहे का, हे मुद्देमाल कारकुनाकडून लेखी घ्यावे. जालन्याच्या निकालाने मूळ यंत्राला स्वतंत्र महत्त्व दिले आहे. खटला शिल्लक असेल तोवर बंद पडलेला कॅमेराही लाखबंद करून मुद्देमालाच्या खोलीत ठेवावा.