१५ ऑगस्टचे दुहेरी ऋण

१५ ऑगस्ट हा आम्हा कॅथलिकांच्या दृष्टीने जोडसण. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सोहळा आणि देशाचा स्वातंत्र्यदिन, दोन्ही त्याच दिवशी. मी मूळचा वसईचा. मातृभाषा मराठी, धर्म ख्रिस्ती आणि केंद्र शासनाच्या सेवेमुळे वास्तव्य बहुतांशी परप्रांतांत. या दिवसाची मिस्सा मी शिलाँगला खासीत, कोचीला मल्याळममध्ये आणि दिल्लीला हिंदीत ऐकली आहे. भाषा बदलत गेली. मिस्सेनंतर चर्चच्या आवारात होणारे ध्वजवंदन मात्र कोठेही चुकले नाही.

तरीही बदलीच्या प्रत्येक गावी कोणी ना कोणी विचारतेच, "इंग्रजांच्या राज्यात तुम्हा लोकांचे बरे चालले असेल, नाही?" प्रश्नात आकस क्वचितच असतो, माहितीचा अभाव असतो. म्हणून त्याचे उत्तर येथे लिहितो.

परकीय सत्तेच्या काळात भारतीय ख्रिस्ती माणूस स्वतःच्या चर्चमध्येही दुय्यमच होता. १९२८ च्या करारानुसार मुंबईचे आर्चबिशपपद आळीपाळीने पोर्तुगीज आणि ब्रिटिश धर्मगुरूंकडे जावयाचे होते. व्हॅलेरियन ग्रेशियस हे त्या पदावरील पहिले भारतीय झाले ते १९५० साली, देश स्वतंत्र झाल्यावर. स्वातंत्र्याने आमच्या चर्चचीही बेडी तोडली, असे मी म्हणतो ते यामुळे. आणि हे स्वातंत्र्य आम्हाला आयते मिळाले असेही नाही. १९१६ मध्ये टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष होते माझगावचे जोसेफ उर्फ काका बॅप्टिस्टा.

दुसरे ऋण संविधान सभेचे. ६ डिसेंबर १९४८ रोजी धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली. आपल्या धर्माचा 'प्रचार' करण्याचा हक्क त्यात असावा की नसावा, हा वादाचा मुद्दा होता. त्या शब्दाच्या बाजूने कन्हैयालाल मुनशी बोलले, टी. टी. कृष्णम्माचारीही बोलले. दोघेही हिंदू. पुढे मे १९४९ मध्ये अल्पसंख्याकांच्या राखीव जागा रद्द करण्याचा ठराव सल्लागार समितीत मांडला तो हरेंद्रकुमार मुखर्जी या बंगाली ख्रिस्ती गृहस्थांनी. बहुसंख्याकांनी शब्द दिला, अल्पसंख्याकांनी जागा सोडल्या. विश्वासाची अशी देवघेव इतिहासात विरळाच.

मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. सार्वजनिक वस्तूचे लक्षण आम्हाला असे शिकविले जाई की, एकाने उपभोगिल्याने दुसऱ्याचा वाटा घटत नाही, उदाहरण दीपस्तंभाचे. धर्मस्वातंत्र्य हे त्याच जातीचे आहे. मी रविवारी चर्चला गेल्याने शेजाऱ्याच्या एकादशीत काही उणे होत नाही. परंतु अशा वस्तूची एक अडचणही शास्त्राने सांगितली आहे: लाभ सर्वांना हवा असतो, देखभालीचा खर्च मात्र दुसऱ्याने करावा असे प्रत्येकास वाटते.

कृतज्ञता म्हणजे तक्रारीचा त्याग नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये दलित ख्रिस्तींना अनुसूचित जातींचा दर्जा मिळत नाही. अनेक राज्यांतील धर्मांतरविषयक कायद्यांबद्दल समाजात चिंता आहे. हे प्रश्न न्यायालयात आणि विधिमंडळात निर्भयपणे मांडता येणे, हीसुद्धा त्याच १५ ऑगस्टची देणगी होय.

शासकीय सेवकापुरते सांगावयाचे, तर देखभालीचा खर्च आपल्या टेबलावरच द्यावयाचा असतो. यात्रेच्या बंदोबस्ताची मागणी असो, मोहरमच्या मिरवणुकीची परवानगी असो, वा दफनभूमीच्या जागेचा अर्ज; अर्जदाराचे आडनाव न पाहता नियमानुसार आणि वेळेत निर्णय देणे, एवढेच त्याचे स्वरूप. ज्या दिवशी नाव वाचून फाईल थांबेल, त्या दिवशी कलम २५ कागदावर राहील आणि दीपस्तंभ विझेल. तो तेवत ठेवणे हीच माझ्या मते ऋणफेड. प्रार्थनेने तिला बळ मिळते, पण ती पुरी होते कामानेच.