फावडे आणि तलवार

आमच्या घरात जुन्या वस्तूंचा नाद एकालाच आहे. दुसरीच्या वाट्याला त्या वस्तूंवरची धूळ आलेली आहे. तरीही हे टिपण आम्ही दोघे मिळून लिहीत आहोत, कारण ज्या बिल्ल्याविषयी ते आहे तो आणला एकाने असला, तरी त्याने वाद घडवला तो दोघांत.

पुण्याच्या जुन्या बाजारात, एका रविवारी, कुलपे, पितळी तोट्या आणि बंद पडलेली घड्याळे यांच्या ढिगात तो सापडला. लंबगोल, काशाच्या रंगाचा. वर पंख पसरलेला गरुड आणि स्वस्तिक, मधोमध एकमेकांना छेदणारी तलवार व फावडे, आणि त्याखाली एक बुटके, जाड भिंतींचे बांधकाम. "इंग्रजांच्या मिलिटरीचं आहे, साहेब," असे विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले. आम्ही घासाघीस केली आणि तो घरी आणला. मागची अक्षरे आमच्या जर्मनच्या सहकारी बाईंनी वाचून दाखवली : जर्मनीच्या रक्षणासाठी केलेल्या कामाबद्दल.

हे पदक २ ऑगस्ट १९३९ रोजी सुरू झाले. जर्मनीच्या पश्चिम सीमेवर जी काँक्रीटची तटबंदी उभारली गेली, तिच्यावर राबलेल्यांसाठी ते होते. सहा लाखांहून अधिक लोकांना ते दिले गेले, त्यामुळे संग्राहकांच्या जगात त्याला फारसा मान नाही. तिथे भाव असतो पराक्रमाच्या चिन्हांना. जखमींचा बिल्ला काळा, रुपेरी की सोनेरी, म्हणजे माणूस एकदोनदा जखमी झाला, तीनचारदा की त्याहून अधिक, यावर किंमत ठरते! कारखान्याचा शिक्का, मागच्या टाचणीची घडण, युद्धाच्या अखेरीस वापरलेल्या जस्ताचा पोत यांवर हे लोक ज्या बारकाईने बोलतात, ती बारकाई आमच्या पाठचिकित्सेच्या तासाला लाभती, तर आम्ही धन्य झालो असतो.

आम्हाला मात्र त्यातले फावडेच आवडले. तलवारीच्या बरोबरीने फावड्याला बसवणारे पदक! श्रमप्रतिष्ठा हा शब्द आम्ही त्या काळात वर्गात जरा सढळपणेच वापरत असू. बिल्ला काळ्या मखमलीवर चौकटीत बसवून दिवाणखान्यात लावला गेला. तो पुण्यात कसा पोचला असेल, याविषयी आमचा एक तर्क होता. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इटलीत जर्मनांशी लढल्या. नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ च्या तिथल्याच लढाईतील शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. परतणाऱ्या एखाद्या जवानाच्या ट्रंकेतून तो आला असावा. पुरावा काही नाही. पण तर्क सुखद होता, आणि सुखद तर्क माणूस सहसा तपासत नाही.

पुढे २०२४ च्या उन्हाळ्यात इंग्लंडला जाणे झाले आणि तिथून चार दिवस जर्सीला. इंग्लिश खाडीतली ही बेटे फ्रान्सच्या किनाऱ्याला लागून, पण ब्रिटिश राजसत्तेची. १९४० च्या जूनअखेरीस जर्मनांनी गर्न्झी घेतले, १ जुलैला जर्सी. सुटका झाली ती थेट ९ मे १९४५ रोजी. २० ऑक्टोबर १९४१ च्या आदेशाने हिटलरने ही बेटे अभेद्य करायचे ठरवले, आणि पश्चिम सीमेवरची भिंत बांधणारी टोट संघटनाच इथे येऊन कामाला लागली. आमच्या बिल्ल्यावरचे ते बुटके बांधकाम आम्ही पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले ते जर्सीच्या पश्चिम किनाऱ्यावर. एकदा डोळा बसला की ते सगळीकडे दिसू लागते : शेताच्या बांधावर, दीपगृहाच्या शेजारी, वाळूत अर्धे रुतलेले. एका बंकरात आज मासळी विकतात. रणगाडे अडवायला बांधलेली भिंत आता समुद्र अडवते आणि तिच्यावरून लोक कुत्री फिरवतात.

या सगळ्या खटाटोपाचे लष्करी फळ जवळजवळ शून्य. जून १९४४ मध्ये दोस्तांच्या फौजा बेटांना बगल देऊन नॉर्मंडीत उतरल्या. गर्न्झीच्या सर्वांत मोठ्या चार तोफा मुळात एका रशियन युद्धनौकेच्या. क्रांतीनंतर ती पराभूतांच्या आरमाराबरोबर १९२० मध्ये ट्युनिशियाच्या बिझर्टला गेली, तिथे मोडीत निघाली. तोफा फिनलंडच्या वाटेवर असताना नॉर्वेत जर्मनांच्या हाती पडल्या, आणि युद्धानंतर गर्न्झीवर भंगार म्हणून कापल्या गेल्या. जर्सीतल्या काही तोफा तर कड्यावरून सरळ समुद्रात लोटल्या. पुढे काही दशकांनी हौशी लोकांनी त्यातल्या काही वर काढल्या. वस्तूंना मालकाची निष्ठा नसते, हे बिल्ल्याच्या बाबतीतही आम्ही लक्षात ठेवायला हवे होते.

तिसऱ्या दिवशी सेंट लॉरेन्समधले भुयार पाहिले. किलोमीटरभराहून लांब, डोंगराच्या पोटात. आधी ते तोफांच्या कार्यशाळेसाठी खोदले जात होते, मग इस्पितळासाठी सजवले गेले. सजवलेल्या भागातून चालताना काही वाटत नाही. पांढऱ्या भिंती, सरळ कमानी. पण एक बोगदा अर्धवट सोडलेला आहे. तिथे काँक्रीट नाही, नुसता फोडलेला कातळ. इथे सुरुंग, कुदळी आणि फावडी यांनी काम चाले. दरडी कोसळून माणसे मेली. ही माणसे म्हणजे सोव्हिएत प्रदेशातून आणलेले युक्रेनी व रशियन, फ्रँकोकडून हरून फ्रान्समध्ये आलेले स्पॅनिश, पोल, उत्तर आफ्रिकी. शेजारच्या ऑल्डर्नी बेटावर स्थिती याहून वाईट. तिथले रहिवासी १९४० मध्येच निघून गेले होते. रिकाम्या बेटावर चार छावण्या उभ्या राहिल्या, आणि त्यांना नावे दिली जर्मनीच्या उत्तर समुद्रातल्या बेटांची : हेल्गोलांड, नॉर्डर्ने, बोर्कुम, झिल्ट. झिल्टची छावणी मार्च १९४३ पासून एसएसच्या ताब्यात गेली. आम्ही गेलो त्याच वर्षी, मे महिन्यात, ऑल्डर्नीवरील मृतांची संख्या ६४१ ते १,०२७ दरम्यान असावी, असा निष्कर्ष तज्ज्ञांच्या चौकशीने जाहीर केला होता. म्हणजे ऐंशी वर्षांनंतरही जवळजवळ चारशे माणसे होती की नव्हती, हे निश्चित सांगता येत नाही.

त्याच दुपारी आम्ही एका जुन्या वस्तूंच्या दुकानात शिरलो. बिल्ला आम्ही बरोबर नेला होता, जाणकाराला दाखवण्यासाठी. दुकानदाराने भिंग लावून तो दोनतीनदा उलटसुलट केला आणि म्हणाला, अस्सल आहे. आम्हाला आनंद झाला. इथे आम्ही प्रामाणिक राहू इच्छितो : दोघांनाही झाला, धूळ पुसणारीलाही. भुयारातून बाहेर पडून दोन तास झाले नव्हते.

वाद रात्री झाला. एकाचे म्हणणे, हे पदक पुरावा आहे, पुरावा फेकून देऊ नये. दुसरीचे म्हणणे, पुरावा मखमलीवर ठेवत नाहीत. एक म्हणाला, ते साध्या गवंड्याला मिळाले असेल. दुसरी म्हणाली, असेल. पण त्या अर्धवट बोगद्यात फावडे ज्याच्या हातात होते, त्याच्या छातीवर काय लावले, ते सांग. यावर एकाकडे उत्तर नव्हते, म्हणून त्याने दिवा मालवला.

निघण्याच्या दिवशी सेंट ब्रेलाडच्या चर्चच्या आवारात क्लोद काआँची कबर पाहिली. मार्सेल श्वॉब या फ्रेंच लेखकाची ही पुतणी, स्वतः लेखिका आणि छायाचित्रकार. १९३७ पासून जर्सीत राहत होती. तिने आणि मार्सेल मूर या तिच्या सहचरीने जर्मन भाषेत चिठ्ठ्या लिहून त्या सैनिकांच्या खिशांत, सिगारेटच्या पाकिटांत सरकवल्या. खाली सही 'नाव नसलेला सैनिक'. जुलै १९४४ मध्ये दोघींना अटक झाली, देहान्ताची शिक्षा झाली, ती अमलात आली नाही. सुटकेनंतरचे तिचे एक छायाचित्र आहे. डोक्याला रुमाल बांधलेली, पन्नाशी उलटलेली बाई दारात उभी आहे, आणि तिने जर्मन गरुडाचा बिल्ला दातांत धरला आहे. हसते आहे की चावते आहे, ठरवता येत नाही.

आम्ही ते छायाचित्र बराच वेळ पाहिले. बिल्ला बाळगण्याची अशीही एक रीत असते, हे आम्हाला सुचले नव्हते; आणि सुचले असते, तरी ती आमची नव्हती. तिने त्याची किंमत मोजली होती. आम्ही घासाघीस केली होती.

घरी आल्यावर बिल्ला चौकटीत परत गेला नाही. चौकट मात्र भिंतीवर तशीच आहे, कारण खिळा काढला तर रंगाचा पोपडा निघेल. मखमलीवर लंबगोल ठसा उमटलेला आहे. परवा प्रबंध दाखवायला आलेल्या विद्यार्थिनीने विचारले, "सर, इथं काय होतं?" तिच्यासाठी चहा येईपर्यंत आम्ही तिला फावड्यापर्यंतच सांगू शकलो. बिल्ला सध्या दुसरीच्या टेबलाच्या खणात, उत्तरपत्रिकांच्या खाली आहे.