हद्दीबाहेरचा घरफाळा

जून महिना लागला की अण्णांचा फोन ठरलेला. "फाळा भरलास काय रं? तीस तारीख गेली की सवलत गेली." मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर अण्णांच्या नावावर आहे. पुण्यामुंबईकडची मंडळी ज्याला प्रॉपर्टी टॅक्स म्हणतात त्याला आमच्याकडं घरफाळा म्हणतात, आणि अण्णांच्या लेखी तो थकवणं म्हणजे दुकानदाराची उधारी बुडवण्याइतकंच वाईट. आता ऑनलाइन भरायचा असल्यामुळे ते खातं माझ्याकडं आलंय. दहा मिनिटांचं काम.

यावेळी मात्र शनिवार होता, चहा गरम होता, म्हणून बिल शेवटपर्यंत वाचलं. सामान्य कर, त्याखाली पाण्याचा, सांडपाण्याचा, अग्निशमनाचा, वृक्षांचा असे बारीकसारीक कर. आणि मग शिक्षण कर. हा शिक्षण कर महापालिकेचा नाहीच. तो राज्य सरकारचा. महापालिका फक्त वसूल करून पुढं पाठवते. इतकी वर्षं खालचा एकूण आकडा बघून मी महापालिकेच्या नावानं बोटं मोडत होतो, त्यातला एक हिस्सा तिच्या हाताला लागतच नव्हता म्हणायचा. असो.

माझं स्वतःचं बिल वेगळं असतं. माझा फ्लॅट शहराच्या दक्षिणेला, हद्दीबाहेर. तिथं ग्रामपंचायत. फ्लॅट अण्णांच्या घरापेक्षा मोठा, बिल त्यांच्या तिसऱ्या हिश्श्याइतकं. घेतला तेव्हा बिल्डरनं ही गोष्ट अगदी आवाज खाली आणून सांगितली होती, "साहेब, कार्पोरेशनची कटकट नाही." मीही खूश झालो होतो. त्यात खोटं काय बोलायचं :)

पण मी राहतो कुठं? झोपायला हद्दीबाहेर. बाकी ऑफिस शहरात, पोरीची शाळा शहरात, रविवारी सकाळी फिरायला रंकाळा. केएमटीची बस आमच्या गावापर्यंत येते, आणि केएमटी तोट्यात चालते हे कोल्हापुरात शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तो तोटा भरून निघतो महापालिकेच्या तिजोरीतून. म्हणजे अण्णांच्या फाळ्यातून.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची, महापालिका झाली १९७२ साली. त्यानंतर पन्नास वर्षं उलटली तरी हद्द जिथल्या तिथं, ६६.८२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत त्या हद्दीत साधारण साडेपाच लाख माणसं मोजली गेली. पण शहर काय जनगणनेची ओळ बघून वाढतं काय? पाचगाव, कळंबा, उचगाव, मोरेवाडी, उजळाईवाडी... कुठं शहर संपलं आणि कुठं गाव लागलं हे रिक्षावाल्यालाही सांगता यायचं नाही. विमानतळ हद्दीबाहेर, गांधीनगरची कापडपेठ हद्दीबाहेर, शिरोली आणि गोकुळ शिरगावचे कारखाने हद्दीबाहेर.

पूर्वी याचं फारसं बिघडत नव्हतं, कारण जकात होती. माल शहरात आला की नाक्यावर पैसे. २०११ साली जकात गेली आणि एलबीटी आला. व्यापाऱ्यांनी आंदोलनं केली, तोही ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतेकांसाठी उठला. २०१७ साली जीएसटी आला आणि उरलासुरला कारभार आटोपला. त्या बदल्यात राज्य सरकार महापालिकांना भरपाई देतं. २०१६-१७ चं उत्पन्न पायाभूत धरायचं आणि दरवर्षी ८ टक्के वाढवायचं. चक्रवाढीनं नऊ वर्षांत दुप्पट, हिशेब सोपा आहे. पण गोम अशी, की शहरातला धंदा दुप्पट होवो नाहीतर निम्मा, त्या आकड्याला काही फरक पडत नाही. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर व्हेरिएबल होतं त्याचं कॉन्स्टंट झालं. ठरलेल्या खर्चात पगार आणि पेन्शन पहिल्या नंबरला, ते काही थांबत नाहीत. मग स्वतःच्या हातात ठेवून कमीजास्त करता येईल असं मोठं उत्पन्न उरतं ते घरफाळ्याचं.

आणि तो वसूल करण्यात किती अडचणी! भाडेकरू दाखवला की फाळा वाढतो, म्हणून पेठेतले निम्मे भाडेकरू कागदावर मालकाचे भाचे असतात. थकवला तर महिना २ टक्के दंडव्याज, कायद्यानं. पण थकबाकी फुगली की दंडात सवलत जाहीर होते. आमच्या गल्लीतले एक काका या सवलतीची वाट बघत बसतात आणि अण्णांना सांगतात, "तुम्ही येडं हाय, लवकर भरताय." अण्णा काही बोलत नाहीत. पुढच्या जूनला परत मला फोन करतात.

पैसे नसले की काय होतं ते आपण टोलच्या वेळी बघितलंच. शहरातले सुमारे ४९ किलोमीटरचे रस्ते खासगी कंपनीकडून करून घेतले, आणि बदल्यात ३० वर्षं टोल. शहरात शिरायच्या वाटांवर नऊ नाके. २०१३ साली वसुली सुरू झाली आणि जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखी वयोवृद्ध माणसं रस्त्यावर उतरली होती. मोर्चात मीही चाललो. आमच्या वाटेवरच्या नाक्यानंच तर मला पहिल्यांदा शहराची हद्द डोळ्यांना दाखवली. डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाल्याची घोषणा झाली तेव्हा पेढे वाटले. कंपनीचे पैसे सरकारनं भागवले. म्हणजे कुणीतरी भरलेच.

आणि पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, १८ गावं आणि दोन औद्योगिक वसाहती शहरात घ्यायचा विषय पेटला. गावोगावी विरोध. लोकांची भीती काही खोटी नव्हती: फाळा वाढेल, शेतावर आरक्षण पडेल, आणि "आधी आत हायत त्यांचे रस्ते नीट करा की" याला उत्तर देणं अवघडच. आमच्याकडं विरोधाचा कागद फिरला. मी सही केली. दोन सेकंद लागले असतील. मनात विचार एकच होता, बिल तिप्पट होईल.

हद्दवाढ झाली नाही. २०१७ साली तिच्याऐवजी ४२ गावांसाठी प्राधिकरण आलं. बांधकामाचं नियोजन ते बघणार. पण प्राधिकरण काही दारातला कचरा उचलत नाही, की बस चालवत नाही.

त्या सहीचं मी अण्णांना अजून सांगितलेलं नाही. हद्दवाढीचा विषय दर एकदोन वर्षांनी वर येतोच, आणि सोसायटीच्या ग्रुपवर विरोधाचे मेसेज फिरतात. वाचतो, उत्तर देत नाही.

शनिवारी फाळा भरून झाल्यावर अण्णांना पावती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "आणि तुझा?"